खजिन्यातले लाकूड

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाचा अकरावा अध्याय आहे तो राजाच्या कोशात घेण्याजोग्या रत्नांच्या परीक्षेचा. मोती, माणिक, वैडूर्य, इंद्रनील, हिरा, पोवळे अशी यादी रीतसर पुढे सरकते आणि पोवळ्याच्या मागोमाग चंदन येते, चंदनानंतर अगुरू. वाचणारा क्षणभर थबकतो. ही पाने मध्येच कुठून आली, असे वाटते. पण पाने चुकलेली नाहीत. हिऱ्याला जसे कस लावायचे तसेच या लाकडालाही लावायचे, एवढाच त्याचा अर्थ. जोंगक, दोंगक आणि पारसमुद्रक, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले, अशा अगुरूच्या जाती तिथे दिल्या आहेत. चांगले अगुरू कोणते? जे वजनाला जड, स्पर्शाला स्निग्ध, ज्याचा वास दूर जातो, जे आगीवर टिकते, ज्याचा धूर कोंडत नाही आणि जे घासले तरी पहिल्यासारखाच वास देते ते.

गंमत अशी, की ‘अगुरू’ या शब्दाची फोड ‘जे गुरू नाही ते’, म्हणजे हलके, अशी करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि परीक्षेत पहिली अट मात्र जडपणाची. चिनी लोकांनी ही गफलत केली नाही. त्यांनी याला नाव दिले ‘छन-शियांग’, बुडणारा सुगंध. उत्तम अगर पाण्यात टाकले तर तळाशी जाते, म्हणून.

हेच लाकूड चीनमध्ये स्त्रियांच्या मनगटावर आणि छातीवर दागिना म्हणून मिरवले आणि आजही मिरवते. आपल्याकडे ते रत्नांच्या पंगतीत बसवले गेले, तरी अंगावर दागिना होऊन आले नाही. ते धूर झाले, लेप झाले, उटणे झाले आणि शेवटी नुसते नाव उरले. असे का झाले, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारपासून सुरुवात करता येते.

कंधार आज तालुक्याचे गाव आहे. खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आणि क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष यांसाठी ते ओळखले जाते. दहाव्या शतकात मात्र हे राष्ट्रकूटांचे मानाचे नगर होते. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लातूरचे स्वामी म्हणवीत, आणि तिसऱ्या कृष्णाच्या (इ.स. ९३९ ते ९६७) काळातला कंधारचा शिलालेख या नगरातल्या देवळांची नावे घेतो, जगत्तुंगसमुद्र या तलावाचा उल्लेख करतो. तलाव आजही आहे. देवळे नाहीत. दख्खनच्या देवळांना जी दाने मिळत त्यांत देवाच्या अंगभोगाची तरतूद असे. अंगभोग म्हणजे गंध, फूल, धूप, दीप. त्या धुपासाठी कोणता जिन्नस जळत होता हे दगड सांगत नाही. पण ज्या काळात कंधार भरात होते, त्याच काळात अरबी व्यापारी या मुलखाच्या राजाला ‘बल्हरा’, म्हणजे वल्लभराज, म्हणून ओळखत होते आणि अरबांवर लोभ असलेला राजा म्हणून त्याचे कौतुक करीत होते. त्यांच्या लेखनात अगराचा भाव मिळतो.

दहाव्या शतकातल्या अबू झैद याने लिहून ठेवले आहे, की कामरूपाहून (म्हणजे आसामातून) आलेले ‘कामरूनी’ अगर मुलतानच्या देवळात मूर्तीपुढे जाळण्यासाठी यात्रेकरू घेऊन येत आणि पुजारी ते व्यापाऱ्यांना विकून टाकीत. त्यातल्या उत्तम मालाचा एक मन दोनशे दिनारांना जाई. हा मन म्हणजे आपला चाळीस शेरी मण नव्हे. तो किलोच्या थोडा आतबाहेरचा. दिनार साधारण सव्वाचार ग्रॅम सोन्याचा. दोनशे दिनारांचे साडेआठशे ग्रॅम सोने होते. म्हणजे ‘सोन्याच्या तोलाने विकले जाई’ हा वाक्प्रचार इथे अतिशयोक्ती राहत नाही, तो जवळजवळ हिशेब ठरतो. सहाशे वर्षांनंतर गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिनस्कोटेन ‘कलंबा’ जातीच्या अगराबद्दल हेच सांगतो, की ते सोन्याचांदीच्या तोलाने जाते.

अबू झैदने आणखी एक बारीक गोष्ट टिपली आहे. हे लाकूड इतके मऊ, की त्यावर मोहर दाबली तर तिचा ठसा उमटतो. मोहर उमटणारे लाकूड! ही ओळ अभ्यासकांच्या नजरेतून सहज निसटते, पण माझ्या मते ती फार मोलाची आहे. अगराच्या सर्वांत वरच्या प्रतीला चिनी लोक ‘छी-नान’ म्हणतात. तिची ओळखसुद्धा हीच, की नखाने दाबले तर खूण राहते आणि न जाळताच, अंगाच्या उबेने, ती वास सोडते. जे लाकूड जाळल्याशिवाय गंध देते ते अंगावर घालता येते. म्हणजे दागिन्याला लागणारा जिन्नस राष्ट्रकूटांच्या काळात आपल्या बाजारांच्या आसपास फिरत होता. कच्च्या मालाची अडचण नव्हती.

अडचण कुठे होती ते कंधारच्या दक्षिणेला, कल्याणी इथे लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथात दिसते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरच्या सीमेला लागून. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९च्या सुमाराचा. राजाने भोगायचे वीस उपभोग त्यात क्रमवार सांगितले आहेत. घर, स्नान, पादुका, तांबूल अशी सुरुवात होते. पाचवा विलेपन, आठवा भूषा. धूप पार शेवटाकडे, एकोणिसावा. विलेपनात आणि धुपात अगुरू आहे. चूर्णाचा, गोळीचा, वातीचा असे धुपाचे प्रकार आहेत. वातीचा धूप म्हणजे आपल्या उदबत्तीची पणजी. भूषा मात्र वेगळी, तिथे सोने आणि रत्ने. गंध आणि दागिना यांचे खण एकदा असे वेगळे पडले, की ते एकमेकांत मिसळणे अवघड होते.

आणि विसावा उपभोग कोणता? योषित्, म्हणजे स्त्री. क्रम असा: शय्या, धूप, स्त्री. ग्रंथ वाचताना हा क्रम फारसा कोणी लक्षात घेत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष पाककृतींकडे आणि खेळांकडे असते. पण अगराचा इतिहास पाहणाऱ्याला तो टाळता येत नाही. अगराचा धूर शय्यागृहासाठी आहे, आणि ज्या स्त्रीचे केस त्या धुरावर सुकवायचे ती स्वतःच यादीतला पुढचा जिन्नस आहे. कालिदासाच्या ऋतुसंहारातल्या स्त्रिया हिवाळ्यात काळ्या अगुरूच्या धुराने केस सुगंधित करतात. तिथे तो शृंगार वाटतो. सोमेश्वराच्या यादीत तीच गोष्ट व्यवस्थापन वाटते.

देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावर चालुक्यकाळातल्या सुरसुंदरी आहेत. कानातली कर्णभूषणे, गळ्यातले पदर, दंडातल्या वाक्या, कमरेची मेखला, शिल्पकाराने एकेक मणी कोरला आहे. त्या काळच्या दागिन्यांचा अभ्यास करायचा तर याहून चांगले साधन नाही. पण त्यांच्या केसांना कसला वास येत होता? दगडाला ते सांगता येत नाही. आपला दागिन्यांचा इतिहास दगडावरून लिहिला गेला आणि म्हणून तो सोन्याचा इतिहास झाला. वासाचा इतिहास लिहायचा तर पोथ्यांकडे जावे लागते.

ते काम एका मराठी माणसाने केले, याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१ ते १९६१) यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ या ग्रंथांचे हस्तलिखित प्रकाशात आणले आणि सुगंधी द्रव्यांवर निबंधांमागून निबंध लिहिले. यातला ‘गंधवाद’ विशेष, कारण त्यावर मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यानचा मानला. म्हणजे संतवाङ्मय लिहिले जात होते त्याच भाषेत कोणी एक जाणकार अत्तरे कशी काढावीत, धूप कसे वळावेत, हे समजावून सांगत होता. दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने रामकृष्ण तुळजाराम व्यास यांच्या संपादनाखाली छापले. मराठी गद्याच्या इतिहासात या टीकेला ओळभर जागा मिळाल्याचेही माझ्या पाहण्यात नाही. आपल्याला भाषेतून भक्ती हवी असते, व्यवहार नको असतो, त्याचे हे एक उदाहरण.

गोडे यांच्यामुळे शब्दांचीही वाट उमगते. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड, आणि विशेष अर्थाने अगरच. फारसीच्या आणि दरबारी दख्खनीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इथे त्याचा अर्थ घसरला. मराठी माणूस आज ऊद म्हणतो तेव्हा त्याच्या मनात लोबानाच्या जातीचा तो पांढरट, ठिसूळ डिंक असतो. दर्ग्यात, देवीपुढे, तिन्हीसांजेला घरात फिरवतात तो. (देवीचा ‘उदो उदो’ मात्र वेगळा, तो उदयातून आलेला.) उदबत्ती आणि अगरबत्ती हे एकाच वस्तूचे दोन शब्द, एक अरबी घराण्याचा, एक संस्कृत. दोघांचाही अर्थ अगराची वात. आणि आजच्या काडीत काय असते? बांबू, कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगत आणि वरून बुडवलेले सुगंधी तेल. अगर नाही. अगराचा अर्क काढून केलेल्या ‘चोवा’चेही तेच. ऐन-ए-अकबरीत त्याची कृती आहे, आपल्याकडे ‘चोवाचंदन’ या जोडशब्दातला अर्धा भाग म्हणून तो उरला.

युरोपीयांच्या जिभेवर तर याहून मजा झाली. दक्षिणेतल्या ‘अकिल’ या नावाचे पोर्तुगिजांनी ‘आगिला’ केले. त्यांच्या भाषांत त्याला जवळचा शब्द होता गरुडाचा, आणि मग बिचारे अगर ‘गरुडाचे लाकूड’ म्हणून जगभर ओळखले गेले. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात अगरावर स्वतंत्र संवाद आहे. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही वैद्य होता, आणि कंधारचा किल्ला १६३१ साली मोगलांनी घेतला तो याच निजामशाहीकडून.

आता चीनकडे वळू. तिथल्या मूळ झाडाचे शास्त्रीय नाव अक्विलारिया सायनेन्सिस. आपल्या आसामच्या अगराची ती चुलतबहीण. ग्वांगडोंग प्रांत, हैनान बेट आणि हाँगकाँग हे तिचे घर. सोंग काळातल्या जाणकारांनी हैनानच्या अगराची वाहवा केली आहे. कवी सू शी तिथे हद्दपारीत असताना त्याने भावाच्या साठीला अगराचा डोंगराच्या आकाराचा तुकडा भेट पाठवला. दरिद्री हद्दपार माणसाने दिलेली ही भेट आहे हे लक्षात घेतले, तर या लाकडाला तिथे काय प्रतिष्ठा होती ते कळते. हाँगकाँग या नावाचा अर्थ सुगंधी बंदर. अगराचा धूप तिथून गलबतांत चढे, म्हणून हे नाव पडले असे बहुतेक मानतात.

दागिना मात्र तिथे गेला तो आपल्याकडून. बौद्ध भिक्षूंच्या हातातली १०८ मण्यांची जपमाळ चीनमध्ये पोचली आणि किंग दरबारात ती अधिकाऱ्यांच्या गळ्यातली मानाची माळ झाली. तिचीच धाकटी बहीण अठरा मण्यांची स्मरणी. राजघराण्यातल्या स्त्रिया ती अंगरख्याच्या गळ्याजवळच्या बटणाला अडकवीत. ती पुष्कळदा छी-नानची असे. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात किंगकाळातली अगराची कडी आहेत: काळपट तपकिरी लाकडात सोन्याचे बारीक मणी जडवून दीर्घायुष्याचे अक्षर काढलेले. आपल्या बोरमाळेशी तुलना करून पाहा. बोरमाळेच्या मण्यात आत लाख असते आणि वर सोन्याचा पत्रा. किडा झाडावर जे स्रवतो ती लाख आपण आत लपवतो. तिथे झाडाच्या जखमेत साचलेली राळ वर असते आणि सोने नक्षीपुरते. काय झाकायचे आणि काय दाखवायचे, याचा कौल दोन संस्कृतींनी उलटा दिला आहे.

जखम हा शब्द मी सहज वापरलेला नाही. निरोगी अक्विलारियाचे लाकूड पांढरे, हलके, बिनवासाचे असते. वाऱ्याने फांदी मोडली, किडीने पोखरले, बुरशी शिरली की झाड त्या जागी राळ साठवते आणि वर्षानुवर्षांनी तो भाग काळा, जड, सुगंधी होतो. दुखावल्याखेरीज अगर नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस छू दाजून याने ग्वांगडोंगविषयी लिहिलेल्या ग्रंथात डोंगग्वानच्या अगराला ‘मुलींचा सुगंध’ का म्हणतात ते सांगितले आहे. अगर साफ करून, तासून, प्रतवारी लावण्याचे काम घरातल्या मुलींकडे असे. त्या उत्तमातले तुकडे गुपचूप बाजूला काढून ठेवीत आणि त्यांच्या बदल्यात फेरीवाल्यांकडून तोंडाला लावायची पावडर आणि रंग घेत. म्हणून बाजारात सर्वांत चांगला माल मुलींच्या गाठोड्यातला. सोमेश्वराच्या यादीशेजारी ही गोष्ट ठेवावीशी वाटते. एकीकडे स्त्री सुगंधानंतरचा उपभोग, दुसरीकडे सुगंधाचा पहिला वाटा स्वतःकडे ठेवणारी पोर. चीनमधल्या स्त्रियांचे दिवस सोन्याचे होते असे सुचवायचे नाही. त्याच काळात त्यांचे पाय बांधले जात होते.

मग आपल्याकडे बायकांच्या अंगावर अगर का आले नाही? हवामानाचे एक कारण आहे. आयुर्वेदाने अगुरू उष्ण मानले, चरकाने त्याचा लेप हेमंतात सांगितला. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाई चंदनच लावणार. पण हे कारण मला पुरेसे वाटत नाही. खरे कारण सराफाच्या दुकानात आहे. आपल्या बाईचा दागिना ही हौस कमी आणि ठेव जास्त असते. सरी, गोठ, पाटल्या, पुतळ्याची माळ हे सगळे तिच्या नावावरचे एकमेव धन. ते मोडता आले पाहिजे, गहाण ठेवता आले पाहिजे, वितळले तरी भाव राहिला पाहिजे. १९७२च्या दुष्काळात या भागातल्या किती घरांतल्या बायकांच्या अंगावरची चांदी सावकाराकडे गेली, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारावे. अगराचे कडे घेऊन ती बाई गेली असती तर? कौटिल्याच्या राजाकडे लाकडाची परीक्षा करणारा अधिकारी होता. कंधारच्या बाजारपेठेत तो नव्हता. ज्याचा कस गावात लागत नाही ते स्त्रीधन होऊ शकत नाही.

दुसरे कारण अधिक कडू आहे. सुगंध आपल्याकडे सौभाग्याशी बांधला गेला. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तराचा फाया, अंगावर गुलाबदाणी, हे सवाष्णीला. विधवेला धर्मशास्त्राने गंध, फुले, तांबूल आणि अलंकार एकाच दमात नाकारले. जो दागिना वासाचाही असेल तो तिच्याकडून दुप्पट काढून घेतला गेला असता. तिच्या गळ्यात राहू शकली ती तुळशीची माळ. ते लाकूडच, पण बिनवासाचे, बिनमोलाचे आणि म्हणून कोणी हिसकावू न शकणारे. वारकरी स्त्रीच्या गळ्यातल्या या लाकडी मण्यांकडे दागिना म्हणून कोणी पाहत नाही. पाहायला हवे.

आज अगराच्या मण्यांच्या माळा आणि कडी चीनच्या बाजारात थक्क करणाऱ्या किमतींना विकली जातात, आणि मागोमाग नकली मालही. साध्या लाकडात तेल मुरवून, दाबून, काळे करून तेही पाण्यात बुडवून दाखवतात. कौटिल्याची पहिली कसोटी त्यामुळे निकामी झाली. घासण्याची आणि आगीची अजून चालते, पण दागिना आगीवर कोण धरणार? मागणीने झाडे उजाड झाली. आसामकडच्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५पासून साइट्स कराराचे नियंत्रण आहे, २००५पासून चिनी जातीसह सगळ्या अक्विलारिया त्यात आल्या. हाँगकाँगच्या टेकड्यांवर रात्री झाडे तोडणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. कोणत्या खोडात अगर आहे हे बाहेरून नक्की कळत नाही, म्हणून चोर सगळीच तोडतात. जिथे लागवड आहे तिथे खोडाला भोके पाडून बुरशी आत सोडतात.

मराठवाड्यात अगर धुंडाळायचेच असेल तर दागिन्यांच्या पेटीत नको, बाळंतिणीच्या खोलीत जावे. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि चिमूटभर ऊद, आणि त्या धुरीवर मोकळे सोडलेले ओले केस. निजामी अमदानीतल्या हैदराबादी घरांतही नहाणानंतर केसांना ऊदाचा धूर देत. कंधार १९४८पर्यंत त्याच राज्यात होते. ऋतुसंहारातल्या काळ्या अगुरूची ही शेवटची वंशज, जिन्नस बदललेली पण कृती तीच. वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून १,७४,७२० गंध होतात असे गणित मांडले. त्या सोळांतला नागरमोथा आणि वाळा यंदाच्या अभ्यंगाच्या उटण्यातही आहेत. अगुरू त्याच यादीत होते. बाजारातल्या पुडीवरची घटकांची ओळ वाचून पाहा, बहुतेक पुड्यांवर ते सापडणार नाही.